लॅक्स्टन: बांध नसलेल्या शेतांचं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडी घरं, चर्चचा मनोरा आणि हिरव्या कुंपणांनी आखलेले शेतांचे चौकोन येतात. त्या चित्रातली कुंपणं बहुतेक ठिकाणी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची आहेत. त्याआधी, निदान मध्य इंग्लंडमध्ये, शेती वेगळ्याच पद्धतीने व्हायची आणि ती पद्धत आजही चालू असलेलं एक गाव आहे. त्या गावाबद्दल शेती करणारे, शेतीतून बाहेर पडलेले आणि कधीच शेतात न गेलेले असे सगळेच जे प्रश्न विचारतात, त्यांची ही उत्तरं.

लॅक्स्टन आहे तरी कुठे?

नॉटिंगहॅमशर काउंटीत, ऑलर्टन आणि टक्सफर्ड या दोन छोट्या गावांच्या मध्ये. रॉबिन हूडच्या गोष्टींमुळे ठाऊक असलेलं शेरवुडचं जंगल याच्या पश्चिमेला येतं. गाव लहान आहे. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना विटांची शेतघरं, मध्ये चर्च, एक पब. जमीन भारी, तांबूस चिकणमातीची. पावसात पायाला गोळे चिकटतात आणि कोरडी पडली की ढेकळं फुटता फुटत नाहीत. ही माती लक्षात ठेवा. पुढची बरीच गोष्ट तिच्यामुळेच घडली आहे.

‘खुली शेतं’ म्हणजे नेमकं काय?

गावाच्या सगळ्या शेतजमिनीचे तीन मोठे तुकडे. लॅक्स्टनमध्ये त्यांची नावं वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. प्रत्येक तुकडा शेकडो एकरांचा असायचा आणि त्यात कुठेही कुंपण नाही, बांध नाही. आत मात्र तो लांबलचक, अरुंद पट्ट्यांमध्ये वाटलेला. एका शेतकऱ्याचा एक पट्टा इथे, दुसरा दोन शेतं सोडून तिकडे, तिसरा पार ओढ्याच्या कडेला. तिन्ही शेतांत प्रत्येकाचे थोडे थोडे पट्टे.

पट्टा ज्याचा त्याचा, पीक ज्याचं त्याचं. पण काय पेरायचं, कधी पेरायचं आणि कापणीनंतर जनावरं कधी सोडायची हे सगळ्या गावाचं मिळून ठरायचं. शेजाऱ्याचा गहू उभा असताना तुम्ही तुमच्या पट्ट्यात मेंढ्या सोडू शकत नाही, कारण मध्ये अडवायला काही नाही.

नांगर जिथे चालत नाही अशा उताराच्या किंवा ओलसर जागा गवतासाठी राखलेल्या असतात. त्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. त्या कुणा एकाच्या नाहीत. त्यांच्यावरच्या गवताचा लिलाव होतो. शतकानुशतकं नांगर न लागल्यामुळे या साइकांवर जुन्या कुरणांतली रानफुलं टिकली आहेत आणि त्यामुळेच त्यांना निसर्गदृष्ट्या संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे.

एकाची जमीन एकाच ठिकाणी का नाही? किती गैरसोय!

हा प्रश्न आपल्याकडचा माणूस सगळ्यात आधी विचारतो आणि तो योग्यच आहे. पट्टे विखुरलेले असले की दिवसाचा बराच वेळ नांगर इकडून तिकडे नेण्यातच जातो.

पण एका गावातली जमीन सारखी नसते. वरच्या अंगाला निचरा चांगला, खाली पाणी साचतं. एका बाजूला धुकं आणि दहिवर जास्त, दुसरीकडे ऊन. पट्टे विखुरले की चांगली-वाईट जमीन प्रत्येकाच्या वाट्याला आली. ओल्या वर्षी खालचा पट्टा गेला तरी वरचा हाती लागायचा. पीकविमा नव्हता तेव्हा विखुरलेला पट्टा हाच विमा होता.

दुसरं कारण नांगराचं. या चिकणमातीत हलका नांगर चालत नाही. माती उलटवणारा जड नांगर लागतो आणि तो ओढायला मध्ययुगात आठ बैलांपर्यंत जुंपायचे. एवढी जनावरं एका घरी नसायची, म्हणून दोन-चार घरं मिळून औत करायची. ज्याने दोन बैल दिले त्याचीही नांगरट त्याच हंगामात व्हायला हवी. एवढं लांब औत वळवणं कठीण असल्यामुळे पट्टे लांब आणि अरुंद झाले. वळण घेताना बैल थोडे आधीच तिरके व्हायचे, म्हणून जुने पट्टे सरळ नसून उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखे हलके वळलेले दिसतात. मध्य इंग्लंडमध्ये कितीतरी कुरणांवर, हिवाळ्यातलं ऊन तिरपं पडलं की, त्या जुन्या नांगरटीच्या लाटा अजून गवताखाली दिसतात.

तीन शेतं का? दोन किंवा चार का नाहीत?

पिकांच्या फेरपालटीसाठी. एका शेतात शरद ऋतूत पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेलं बार्ली, ओट, वाटाणा किंवा घेवड्याच्या जातीचं पीक, आणि तिसरं पड. पुढच्या वर्षी प्रत्येक शेत एक पायरी पुढे. तीन वर्षांनी चक्र पुन्हा जागेवर.

पड म्हणजे वाया गेलेलं शेत नाही, हे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. त्या वर्षी जमीन विसावा घ्यायची, तण मोडायचं आणि गावाची गुरं-मेंढ्या त्यावर चरून खत टाकायच्या. आज लॅक्स्टनमध्ये तिसऱ्या वर्षी निव्वळ पड न ठेवता वैरणीचं पीक किंवा गवत घेतलं जातं, पण चक्र तेच आहे.

फर्लांग आणि एकर हे शब्द इथूनच आले का?

हो, म्हणजे अशा शेतांमधूनच. फर्लांग या शब्दाचा मूळ अर्थच ‘नांगराच्या तासाची (म्हणजे एका सलग नांगरलेल्या ओळीची) लांबी’ असा आहे. बैल दम न घेता एका दमात जेवढं ओढतील तेवढं अंतर, पुढे ते २२० यार्ड असं ठरलं. एकर म्हणजे साधारण एका औताची दिवसभराची नांगरट: एक फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद.

आता ते २२ यार्ड बघा. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते. १६२०च्या सुमारास एडमंड गंटर याने मोजणीसाठी जी साखळी ठरवली तीही २२ यार्डांचीच, म्हणजे ६६ फुटी. आपल्याकडचा गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, त्या साखळीच्या बरोबर अर्ध्या मापाचा चौरस. म्हणूनच ४० गुंठ्यांचा एक एकर तंतोतंत जुळतो: १,०८९ चौरस फूट गुणिले ४० म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर आले, पण गावात कुणी ‘दोन एकर दहा गुंठे’ म्हटलं की त्या हिशेबात इंग्लंडमधल्या बैलांचा एक दिवस मोजला जातो. ‘शाळा दोन फर्लांगावर’ असं म्हणणारी आपली आजोबांची पिढीही त्याच तासाची लांबी सांगत होती.

बांधच नाही, मग भांडणं होत नाहीत?

होतात. म्हणूनच गावाने त्याची सोय करून ठेवली आहे आणि या गावाची खरी गंमत तीच आहे. माणसं चांगली होती म्हणून ही शेतं टिकली असं मी मानत नाही. दर वर्षी कुणीतरी चिखलात उतरून मोजमाप पाहिलं, म्हणून टिकली.

तिथे ‘कोर्ट लीट’ नावाची गावसभा-वजा न्यायसभा आहे. मूळची सरंजामी काळातली. तिची ज्युरी म्हणजे पंच. हे पंच गावातलेच, शेतीची जाण असलेले. त्यांच्यावर एक मुख्य पंच असतो. दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला, गहू पेरून झाल्यावर, हे सगळे गव्हाच्या शेताची पाहणी करायला निघतात. त्या दिवसाला ‘ज्युरी डे’ म्हणतात.

ते काय बघतात? कुणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर घातला आहे का. कुणी साइकचं गवत मोडून पेरणी पुढे रेटली आहे का. कुणी रस्त्याची कड खाल्ली आहे का. एका शब्दात सांगायचं तर कुणी बांध कोरला आहे का, फक्त इथे बांधच नाही, म्हणून ती रेघ डोळ्यांनी आणि आठवणीने धरावी लागते. जिथे हद्द पुसट झाली आहे तिथे लाकडी खुंट्या ठोकल्या जातात. ज्याने आगळीक केली त्याचं नाव लिहून घेतलं जातं. मग मंडळी पबमध्ये जेवायला जातात.

साधारण आठवड्याने डव्हकोट इन या पबमध्येच कोर्ट भरतं. स्टुअर्ड, म्हणजे जहागिरीचा कारभारी, अध्यक्षस्थानी असतो, बेलिफ, म्हणजे कोर्टाचा शिपाई-अंमलदार, कामकाज सुरू करतो, पंच आपला अहवाल देतात, दंड ठोठावले जातात आणि पुढच्या वर्षी जे शेत गव्हाखाली येणार त्यासाठी नवे पंच शपथ घेतात. गव्हाचं शेत दर वर्षी बदलतं, त्यामुळे तीन वर्षांत तिन्ही शेतांची पाहणी पूर्ण होते.

दंडाची रक्कम किरकोळ असते. पण ज्या माणसांबरोबर रोज उठबस, त्यांच्यासमोर आपलं नाव वाचलं जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. शिवाय आज जो आरोपी आहे तो उद्या पंच असू शकतो. त्यामुळे पंचही हात राखून वागत नाहीत आणि उगाच कुणाला छळतही नाहीत. आपल्याकडे फूटभर सरकलेल्या बांधावरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, दोन पिढ्या बोलत नाहीत. ती भांडणं पाहिलेल्या कुणालाही वर्षातून एकदा होणाऱ्या या पाहणीची किंमत कळेल. भांडण जुनं व्हायच्या आत, ओल्या मातीत, सगळ्यांच्या देखत निकाल लागतो.

हे कोर्ट खरं आहे की पर्यटकांसाठीचा देखावा?

खरं आहे. इंग्लंडमध्ये अशी सरंजामी कोर्टं एके काळी गावोगाव होती. १९७७च्या एका कायद्याने त्यांचे उरलेसुरले न्यायाधिकार जवळजवळ सगळे संपवले. काही कोर्टांना रूढीने चालत आलेली कामं पुढे चालू ठेवायची मुभा मिळाली, पण त्यांतली बहुतेक कामं समारंभापुरती उरली आहेत. लॅक्स्टनच्या कोर्टाकडे मात्र खुल्या शेतांच्या व्यवस्थापनाचं प्रत्यक्ष काम आहे. ज्या दिवशी शेतं संपतील त्या दिवशी कोर्टालाही काम उरणार नाही, आणि कोर्ट बंद पडलं तर शेतं फार दिवस टिकणार नाहीत.

गाव किती जुनं आहे?

लेखी उल्लेख १०८६चा. नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर सगळ्या मुलखाची जी नोंदवही करवली, त्या डूम्सडे बुकात हे गाव आहे. म्हणजे वस्ती त्याहून जुनी.

गावाच्या उत्तरेला मातीचा एक मोठा गढीसारखा उंचवटा आहे. नॉर्मन काळातल्या किल्ल्याचे ते अवशेष, आणि त्या परगण्यातल्या अशा किल्ल्यांमध्ये ते फार चांगले टिकलेले आहेत. किल्ला म्हणजे सिंहगड-रायगड डोळ्यांसमोर आणू नका. इथे दगडी बुरूज नाहीत, गवताने झाकलेले चढ आणि खंदक आहेत. इथल्या जहागीरदारांकडे शेरवुडच्या राजवनाची राखणदारी होती, त्यामुळे मध्ययुगात या खेड्याला बरंच वजन होतं. पुढे एव्हरिंगहॅम घराणं आलं. त्यांच्या समाधी-प्रतिमा गावातल्या सेंट मायकेलच्या चर्चमध्ये आहेत. त्यातली एक बाईची, चौदाव्या शतकातली, ओकच्या लाकडात कोरलेली आहे. दगडाच्या प्रतिमा इंग्लंडभर दिसतात, लाकडाच्या फार थोड्या उरल्या आहेत. चर्चमध्ये गेलात तर तिच्यापाशी जरा थांबा.

१६३५च्या नकाशाबद्दल नेहमी बोललं जातं. त्यात एवढं काय आहे?

त्या साली गावाच्या तेव्हाच्या मालकाने, सर विल्यम कोर्टन याने, मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराकडून गावाची मोजणी करवून घेतली. त्यातून एक मोठा रंगीत नकाशा आणि एक वही तयार झाली. प्रत्येक पट्टा, तो कुणाचा, केवढा, सगळं त्यात आहे. शिवाय नकाशावर छोटी छोटी माणसं काढलेली आहेत: कुणी नांगरतोय, कुणी कापणी करतोय, कुणी शिकारीला निघालाय. आज तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. आजच्या पट्ट्याची जागा चारशे वर्षांपूर्वीच्या कागदावर बोट ठेवून दाखवता येते, असं गाव विरळाच.

आणि इथे कोकण-गोव्याचा एक धागा निघतो. हा कोर्टन लंडनचा बडा व्यापारी. त्याच १६३५ साली राजा पहिला चार्ल्स याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला धक्का देत कोर्टनच्या मंडळीला पूर्वेकडे व्यापाराचा परवाना दिला. जॉन वेडेलच्या हाताखाली त्यांची जहाजं १६३६ साली गोव्याला पोचली आणि तिथून पुढे चीनकडे गेली. पुढे त्यांनी कारवारला वखारही घातली. कोर्टन स्वतः मात्र १६३६मध्येच वारला. एकाच माणसाच्या दप्तरात नॉटिंगहॅमशरमधल्या गव्हाच्या पट्ट्यांचा हिशेब आणि मिरीच्या किनाऱ्याकडे निघालेल्या जहाजांचा हिशेब शेजारी शेजारी होता, हे मला फार विलक्षण वाटतं.

जुन्या काळी साध्या माणसाचा दिवस कसा जायचा?

सरंजामी काळात बहुतेक शेतकरी बांधील कुळं होती. स्वतःचे पट्टे कसायचे, त्याशिवाय आठवड्यातले काही दिवस जहागीरदाराच्या जमिनीवर वेठ. माणूस मेला की घरातलं सगळ्यात चांगलं जनावर जहागीरदाराला द्यावं लागे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. १३४८ मध्ये इंग्लंडात प्लेग आला आणि देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. कामाला हात उरले नाहीत, तेव्हा उरलेल्या मजुरांची किंमत वाढली आणि ही बांधिलकी हळूहळू सैल झाली.

जेवण म्हणजे पाव, वाटाणा-घेवड्याची दाट पेज, घरी काढलेली एल (बार्लीची बिअर) आणि जमलं तर डुकराचं खारवलेलं मांस. बार्ली पोटापेक्षा पिण्यासाठी जास्त जायची, कारण एल हे रोजचं पेय होतं, लहानांसकट सगळ्यांचं.

वर्ष सणांनी बांधलेलं असायचं. २५ मार्चचा लेडी डे आणि २९ सप्टेंबरचा मायकेलमस या दोन दिवशी खंड भरायचा, नोकर-चाकर बदलायचे. जानेवारीत नाताळचे दिवस सरले की ‘नांगर सोमवार’ यायचा: नांगरे गडी सजवलेला नांगर दारोदार ओढत पैसे मागत फिरायचे. वसंतात पाद्रीबुवांसह सगळा गाव शिवेवरून चालायचा आणि पोरं हद्दीच्या दगडांवर छड्या मारायची. शिव कुठे आहे हे पुढच्या पिढीच्या अंगात मुरवण्याची ती रीत. नकाशे नव्हते, तेव्हा माणसांची आठवण हाच नकाशा होता.

जनावर चुकून दुसऱ्याच्या पिकात शिरलं तर? गावाचा ‘पिंडर’ नावाचा माणूस ते कोंडवाड्यात नेऊन घालायचा आणि मालकाला दंड भरून सोडवावं लागायचं. शब्द सोडले तर आपल्या ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्याहून काही वेगळं नाही.

ज्यांना पट्टाच नव्हता त्यांचं काय?

यावर कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पट्टा नसलेल्या घराला गावच्या सामायिक जागेचा आधार होता. चार पाळीव हंस, एखादी गाय, सरपण, कापणीनंतरचा सरवा. गव्हाच्या पेंढ्या उचलल्या की बायका आणि मुलं शेतात उतरायची आणि पडलेल्या ओंब्या वेचायची. काही गावांत त्यासाठी चर्चची घंटा वाजायची, म्हणजे कुणी लवकर जाऊन सगळा सरवा एकटीने उचलू नये. एका घराला त्यातून कितीतरी आठवड्यांचं पीठ मिळायचं. १७८८ साली एका खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की सरवा वेचणं हा कायद्याने मिळालेला हक्क नाही. रीत तरीही बराच काळ चालू राहिली, पण यापुढे ती शेतमालकाच्या मर्जीवर होती.

१६०१च्या कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या इलाख्याने, आपल्या गरिबांना पोसायचं होतं. १८३४मध्ये हे बदललं आणि मदत हवी असेल तर गरिबांना कामाला लावून ठेवणाऱ्या ‘वर्कहाउस’मध्ये भरती व्हा, असा दंडक आला. त्याचा नमुना लॅक्स्टनपासून फार दूर नसलेल्या साउथवेलच्या वर्कहाउसमध्ये आधीच, १८२४ साली, उभा राहिला होता. नवरा-बायको आणि मुलं वेगवेगळ्या दालनांत. ती इमारत आज पाहता येते. लॅक्स्टनला जाणाऱ्याने तीही पाहावी, नाहीतर खेड्याचं चित्र फार गोड दिसतं.

मग बाकी इंग्लंडमधली खुली शेतं गेली कुठे?

कुंपणात. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, आणि सगळ्यात वेगाने १७६० ते १८२० या काळात, संसदेने गावोगावच्या जमिनींसाठी हजारो कायदे केले. एकूण सुमारे ६८ लाख एकर जमीन त्याखाली आली. मोठ्या मालकांनी अर्ज करायचा, संसदेने कायदा करायचा, आयुक्तांनी येऊन पट्टे एकत्र करून प्रत्येकाला एकसंध तुकडा द्यायचा, आणि सामायिक कुरणही वाटून टाकायचं. मग हॉथॉर्नची काटेरी झुडपं लावून कुंपणं. आज जो देखावा ‘अस्सल इंग्लिश’ म्हणून कॅलेंडरवर छापला जातो तो बराचसा या कामातून निर्माण झालेला आहे.

यातून उत्पादन वाढलं, हे खरं. निचरा करता आला, नवीन पिकं घेता आली, जनावरांची चांगली पैदास करता आली. पण ज्याच्याकडे कागद नव्हता, फक्त गाय चारायची रीत होती, त्याला वाटणीत काही मिळालं नाही किंवा मिळाला तो तुकडा कुंपण घालण्याच्या खर्चातच विकावा लागला. कागद नसलेल्या हक्काचं काय होतं, हे गायरानाचे वाद पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

लॅक्स्टन यातून कसं सुटलं?

कुणी ठरवून वाचवलं नाही, निदान सुरुवातीला तरी. गावात दोन मोठे जमीनदार होते, मॅन्व्हर्स आणि स्कारबरो हे दोन अर्ल, म्हणजे वंशपरंपरागत सरदार, शिवाय काही छोटे मालक. सगळ्यांच्या जमिनी एकमेकांत गुंतलेल्या. त्या सोडवून घेण्याचं जुळेपर्यंत काळ निघून गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्सनी फेररचना केली, पट्ट्यांची संख्या घटवून ते मोठे केले, काही जमीन कुंपणात गेली, पण तीन शेतांचा गाभा राहिला.

१९५२मध्ये तेव्हाच्या अर्लने गाव सरकारच्या शेती खात्याला विकलं, ही पद्धत टिकावी या हेतूने. १९८१मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या नावावरच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे, गेलं. २०२०मध्ये पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्या जुन्या थोर्सबी इस्टेटने ते विकत घेतलं. मालक बदलत गेले, कुळं आणि कोर्ट मात्र तेच राहिलं.

आपल्याकडच्या एकत्रीकरण योजनेसारखंच का हे?

हेतू जवळचा. १९४७चा मुंबईचा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा हा विखुरलेले तुकडे एकत्र करून शेती परवडावी म्हणूनच होता. फरक असा की आपल्याकडचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी झाले, तर लॅक्स्टनचे पट्टे एका गावपद्धतीचा भाग होते. तुकडे पाडून जमीन विकणं आणि एका नियमाखाली पट्टे कसणं या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात, पण आतून अगदी वेगळ्या आहेत.

असं गाव हे एकच आहे का?

खुल्या शेतांचे अवशेष इतरत्रही आहेत: डेव्हनमधलं ब्राँटन, लिंकनशरमधला आयल ऑफ ॲक्सहोम, डॉर्सेटमधलं पोर्टलंड. पण तीन शेतांची फेरपालट आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं कोर्ट, दोन्ही एकत्र आणि चालू स्थितीत, फक्त लॅक्स्टनमध्ये.

आज तिथे राहणारे लोक कसं जगतात?

बाकी इंग्लिश खेड्यांतल्यासारखंच. ट्रॅक्टर, मोबाइल, कामासाठी शहरात जाणारी माणसं. पण बहुतेक गावांत शेतघरं कुंपणं आली तेव्हा बाहेर, आपापल्या जमिनीवर गेली. लॅक्स्टनमध्ये ती अजून गावठाणातच आहेत. विटांची घरं, बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडे पाठ किंवा बाजू करून, आणि मागे धान्याची कोठारं, गोठे, अंगण. जमीन सगळीकडे विखुरलेली असल्यावर घर मध्यभागी असणंच सोयीचं.

अडचणीही आहेत. कुळांची शेती लहान, यंत्रं मोठी. अरुंद पट्ट्यात आजचं पेरणीयंत्र वळवायचं म्हणजे डोकेदुखी. गावात कोर्टाचं काम पुढे नेणारी माणसं राहतील की नाही, ही मला खरी काळजी वाटते. इमारत जपता येते, नकाशा काचेत ठेवता येतो. पण ज्याला पट्टा ओळखता येतो तो माणूस शेतावरच तयार व्हावा लागतो.

बघायला जायचं तर कधी आणि कसं?

लंडनहून रेल्वेने न्यूअर्क नॉर्थ गेटला उतरायचं आणि पुढे गाडीने. पबला लागून एक छोटं माहिती केंद्र आहे, तिथून सुरुवात करा. मग सार्वजनिक पायवाटांनी शेतांत जा, पिकात पाय न टाकता. तासाभराच्या चालीत किल्ल्याचा उंचवटा, चर्च आणि एक शेत पाहून होतं. गावाच्या हद्दीतच १९९५मध्ये सुरू झालेलं नॅशनल होलोकॉस्ट सेंटर आहे, पण त्याला वेगळा दिवस ठेवा.

जून-जुलैत साइकवर फुलं असतात आणि गहू पिवळा पडायला लागलेला असतो. मी मात्र नोव्हेंबरच सुचवेन. गहू जेमतेम बोटभर वर आलेला, आकाश राखाडी, हवा ओली. पट्टे एकमेकांपासून तेव्हाच नीट वेगळे दिसतात आणि त्यांच्या टोकाला नव्याने ठोकलेल्या पांढुरक्या खुंट्या दिसू शकतात. गुडघ्यापर्यंतचे बूट घाला. ती चिकणमाती साध्या बुटाला सोडत नाही.